सहा चिंचोके आणि बाळाचा श्वास

पावसाळा लागला की आपल्या कोलाड भागात, कुंडलिकेच्या दोन्ही अंगांना, लहान मुलांचा खोकला घराघरांत शिरतो. भिंतीला ओल, घरात चुलीचा धूर. बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. पण एखादा न्यूमोनिया निघतो, आणि ओळखायला उशीर झाला तर बाळ हातचे जाते. त्याची मोठी खूण म्हणजे जलद श्वास. तो मोजायचा कसा?

हाच प्रश्न गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे होता. बाळाजवळ आधी पोहोचते ती गावातली दाई. पण बऱ्याच दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. अडाणी म्हणून त्यांना बाजूला सारणे सोपे होते; आपल्या आज्या-पणज्यांना असेच तर सारले गेले. इथे मात्र साधनच दाईच्या हाताला बेतून केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. या श्वासमापकाची माहिती १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

आता उलटे उदाहरण. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन सारखे अडकत होते आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मराठी नव्हती. 'बायकांना तंत्रज्ञान नको असते' असे तेव्हा कुणी म्हटले असेल, तर त्याला माझे एकच विचारणे आहे: ॲप करण्याआधी किती सेविकांना विचारले होते?

वाळूचे घड्याळ नसले तरी मोबाईलमध्ये टायमर असतो. बाळ शांत किंवा झोपलेले असताना पोटावरचे कापड वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. दर दहा श्वासांना एक चिंचोका बाजूला टाका. (ढोलकी वाजवणाऱ्या पोरांना हे काम द्या, ताल चुकत नाहीत.) दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला सहा चिंचोके, दोन महिने ते वर्षापर्यंत पाच, एक ते पाच वर्षांच्या मुलाला चार पडले, तर श्वास जलद आहे. चिंचोके मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे सहा भरले, तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले तर लगेच दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, कण्हत असेल, ओठ निळे पडले असतील, तर मोजत बसूच नका; १०८ ला फोन करा. अंगारा, दृष्ट काढणे यात रात्र घालवू नका.

दवाखान्यात गेल्यावर किती श्वास मोजले आणि किती वाजता, हे डॉक्टरांना आधी सांगा.