किनाऱ्याच्या समुद्राचा कारभार कोणाकडे?

उत्तर केरळमधील मच्छीमार गावांत ‘कडक्कोडी’ नावाची संस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिला समुद्राचे न्यायालय म्हणता येईल. कोणते जाळे कधी टाकावे आणि तंटा झाल्यास चूक कोणाची, याचा निवाडा मंदिराच्या आवारात गावची जाणती मंडळी करीत. तमिळनाडूच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील ऊर-पंचायतींनीही घातक जाळ्यांवर बंदी घातल्याची उदाहरणे आहेत. मात्र, दूरच्या बंदरातून आलेल्या ट्रॉलरमालकाला या संस्थांचा शब्द बंधनकारक नाही.

त्याची मुळे इतिहासात आहेत. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास मनाई करणाऱ्या १८९७ च्या मत्स्य कायद्याने नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. गावाचा त्यात विचार नव्हता. राज्यघटनेनेही प्रादेशिक समुद्रातील, म्हणजे बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांकडे आणि त्यापलीकडील केंद्राकडे सोपविली. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आणि पारंपरिक नौका यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाले. त्यानंतर केंद्राने १९७९ मध्ये आदर्श विधेयक राज्यांकडे पाठविले. केरळ व गोव्याने १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये कायदे केले. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखला गेला. पट्टा राखला खरा; त्याची राखण मात्र सरकारी खात्याकडेच राहिली.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत ‘मत्स्यव्यवसाय’ हा पाचवा विषय म्हणून नोंदविला. पण पंचायतींना अधिकार द्यायचे की नाही, हे अनुच्छेद २४३-छ ने विधिमंडळांच्या मर्जीवर सोडले. केरळने २०१७ च्या दुरुस्तीने गाव, जिल्हा व राज्य अशा तीन पातळ्यांवर मत्स्य व्यवस्थापन परिषदांची तरतूद केली, हे स्वागतार्हच आहे. तरीही दंडाचा निवाडा अधिकाऱ्याच्याच हाती आहे. जिल्ह्याकडे पाठविलेली फाईल परत येईपर्यंत हंगाम उलटून गेलेला असतो, हा प्रशासनातील जुना अनुभव आहे.

स्थानिकांना सामावून घेतल्यास काय साधते, हे कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराने दाखविले आहे. तेथे तिसऱ्या काढण्यावर विणीच्या काळात बंदी आणि जाळ्याच्या आसाला किमान मर्यादा घालण्यात आली. मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि शासन यांनी ती एकत्रितपणे राबविली. शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०१४ मध्ये मिळविणारे ते भारतातील पहिले मत्स्यक्षेत्र ठरले.

आक्षेपही गंभीर आहेत. मासे गावाची शीव जाणत नाहीत; एका पंचायतीचा संयम शेजारची पंचायत निष्फळ करू शकते. जात-पंचायतींनी सामाजिक बहिष्कार घातल्याच्या आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना निर्णयापासून दूर ठेवल्याच्या कहाण्या कमी नाहीत. शिवाय सधन नौकामालक स्थानिक परिषद खिशात घालू शकतात. त्यामुळे रूढ संस्थांना जसेच्या तसे अधिकार बहाल करणे धोक्याचे ठरेल.

उपाय मध्यममार्गी असावा. बंदीचे दिवस, आसाचा आकार, लहान मासळीची खरेदी आणि मासळी उतरविण्याच्या केंद्रावरील तपासणी एवढ्यापुरते उपविधी करण्याचा व मर्यादित दंडाचा वैधानिक अधिकार निर्वाचित परिषदेला द्यावा. तिच्यात स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात. निर्णय लेखी असावेत आणि त्यांवर जिल्हा पातळीवर अपिलाची सोय असावी. सीमेवरून होणारे तंटे व समुद्रातील गस्त राज्यानेच सांभाळावी. फिलिपिन्सने १९९१ च्या कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचा समुद्र नगरपालिकांच्या अखत्यारीत दिला. तेव्हा हा विचार अभूतपूर्व नाही.

ज्याची उद्याची चूल आजच्या जाळ्यावर अवलंबून आहे, त्याला संयमाचा उपदेश करणे सोपे आहे. पण त्याने पाळलेला संयम दुसरा कोणी लुटणार नाही, ही हमी कायद्यानेच द्यायला हवी.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)