‘खंय होतंस?’ : ज्येष्ठांचा कट्टा आणि आरोग्य

वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, मिळालेल्या देणग्या व झालेला खर्च यांचा तपशील असतो आणि तो असणे आवश्यकच आहे. तथापि आरोग्याच्या काही ठेवी अशा असतात की, त्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. निवृत्त माणसांची रोजची संगत ही त्यांपैकी एक होय. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय या तिघांनाही या विषयाशी कर्तव्य असल्यामुळे तो येथे मांडत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा दावा नाही. परंतु प्रशासकीय कामात रुग्णापेक्षा रुग्णाला घेऊन येणाऱ्या माणसांशी अधिक संबंध येतो. वृद्ध रुग्णाला कोण घेऊन आले आणि किती वेळात आणले, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, हे त्यातून ध्यानी येते.

कट्ट्यावरचा दिनक्रम

देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनारपट्टीवरील कोणत्याही गावात सकाळी फेरफटका मारला, तर एस.टी. स्थानकाजवळ, देवळाच्या पारावर किंवा जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कठड्यावर पाच-सात ज्येष्ठ मंडळी बसलेली आढळतात. त्यांत एखादे निवृत्त प्राथमिक शिक्षक असतात, टपाल खात्यातून वा एस.टी.तून निवृत्त झालेले कोणी असतात, मुंबईत गिरणी किंवा गोदीत उमेद घालवून गावी परतलेले चाकरमानी असतात. वर्तमानपत्र एकच येते आणि ते सर्वांचे मिळून वाचून होते. सुरमयीचा आजचा दर, आंब्याचा मोहोर, रात्रीच्या दशावतारातील कोणाचे सोंग रंगले, चतुर्थीला मुंबईहून कोण येणार, या विषयांना अंत नसतो. मालवणी मुलखात अशा गप्पांना ‘गजाली’ म्हणतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात समुद्र शांत नसतो आणि पाऊसही बसू देत नाही. तेव्हा हीच मंडळी देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या दुकानाच्या पडवीत सरकतात, परंतु बैठक मोडत नाही.

या बैठकीत थट्टेला मोठे स्थान असते आणि तिचा आवडता विषय मरण हा असतो. दोन दिवस न दिसलेला गडी आला की, प्रश्न येतो, “खंय होतंस रे? आमका वाटला, गेलंस!” (कुठे होतास रे? आम्हांला वाटले, गेलास!) त्यावर उत्तर तयार असते, “यमाक सांगलंय, आधी ह्येका व्हर.” (यमाला सांगितले, आधी याला ने.) नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा या थट्टेला विशेष बहर येतो. आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत आणि मग ‘तू हयात असल्याचे आम्ही सांगतो, पण यंत्राला पटत नाही’ अशी चर्चा रंगते.

त्रयस्थाला हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटेल. वास्तविक ‘खंय होतंस?’ हा प्रश्न म्हणजे दररोज घेतली जाणारी हजेरी आहे.

संगतीचा आरोग्याशी संबंध

या विषयावर जगभर अभ्यास झाला आहे. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत ३ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची अभ्यासकाळात हयात राहण्याची शक्यता इतरांच्या तुलनेने सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. जगात दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रस्त असून त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला ८ लाख ७१ हजार इतकी असावी, असा अंदाज त्यात वर्तविला आहे.

असे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, त्यामुळे एकाकीपणा हे आजाराचे कारण आहे की परिणाम, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. गुडघा दुखतो म्हणून जाणे थांबते; जाणे थांबले म्हणून चालणे थांबते; चालणे थांबल्याने गुडघा अधिकच आखडतो. हे चक्र कोठे तरी तोडावे लागते. एका जागी आपली वाट पाहिली जाते, ही जाणीव ते तोडण्यास पुष्कळदा पुरेशी ठरते.

थट्टेचे आणखी एक महत्त्व आहे. निवृत्तीनंतर घरात माणूस ‘आजोबा’ होतो, बँकेत ‘ज्येष्ठ नागरिक’ आणि रुग्णालयात ‘पेशंट’. सर्वजण आदराने किंवा काळजीने बोलतात, परंतु बरोबरीने बोलणारे कोणी उरत नाही. पत्नीचे निधन झालेल्या गृहस्थाला ‘अरे-तुरे’ करणारी माणसे गावात पुष्कळदा कट्ट्यावरच शिल्लक असतात. तेथे तो कोणावरही भार नसतो.

थट्टा अडखळते तेव्हा

हजरजबाबी उत्तर देण्यासाठी ऐकू यावे लागते, आठवावे लागते, शब्द सुचावा लागतो आणि मन प्रसन्न असावे लागते. म्हणूनच यांपैकी एखादी गोष्ट बिघडू लागली की, ते घरच्यांच्या आधी मित्रांच्या ध्यानी येण्याचा संभव असतो.

विनोदावर सर्वांच्या नंतर हसणारा किंवा नुसतीच मान डोलावणारा सोबती बहुधा कमी ऐकू लागलेला असतो. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात एकट्याशी केलेले संभाषण समजते, परंतु वारा आणि चार जणांचा गलका असला की शब्द सुटतात. मग माणूस संकोचाने येणे टाळतो. स्मृतिभ्रंशाबाबत लॅन्सेट आयोगाने २०२४ साली दिलेल्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे नमूद केली आहेत. त्यांत श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष आणि वृद्धापकाळातील सामाजिक एकाकीपणा या तिन्हींचा समावेश आहे. श्रवणयंत्र किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे माणूस केवळ ऐकू वा पाहू लागतो असे नाही, तर तो पुन्हा चारचौघांत जाऊन बसतो.

तीच हकीकत एका बैठकीत तीनदा सांगणारा, पत्त्यांच्या डावात हुकूम कोणता हे वारंवार विसरणारा, थट्टेला एकाएकी चिडून उत्तर देणारा किंवा काहीच उत्तर न देणारा, या सर्वांची ‘वय झाले’ म्हणून बोळवण करू नये. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य यांची सुरुवात अशी होऊ शकते व दोन्हींसाठी वैद्यकीय सल्ला उपलब्ध आहे.

पक्षाघाताच्या बाबतीत तर मिनिटांचा हिशेब असतो. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्यापूर्वी सी.टी. स्कॅन करावा लागतो. किनाऱ्यावरील गावातून कुडाळ, ओरोस किंवा गोव्यातील बांबोळी गाठेपर्यंत त्यातील बराच वेळ प्रवासात जातो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “शेवटचे ठीक कधी पाहिले होते?” साडेचार तास मोजले जातात ते तेथपासून. सकाळी सात वाजता कट्ट्यावर ज्याने हसून टाळी दिली, त्याच्याविषयी हे उत्तर देणारे पाच साक्षीदार असतात. बंद दाराआड एकटा राहणाऱ्याविषयी कोणीच सांगू शकत नाही. उपचार उपलब्ध असूनही तो देता येऊ नये, याचे एक कारण एवढेच असू शकते.

कट्ट्याच्या मर्यादा

कट्ट्याचे गुणगान करताना त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, तेथे औषधांची देवाणघेवाण होते. ‘मला या गोळीने उतार पडला, तूही घे’ हा सल्ला आपुलकीचा असला, तरी तो घातक ठरू शकतो. वेदनाशामक गोळ्या मनाने घेतल्याने मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. रक्तदाब व मधुमेहाची औषधे तर व्यक्तीपरत्वे बदलतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कट्टा बहुतांशी पुरुषांचा असतो. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. २००१ साली ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ पर्यंत घटली. तरुण मंडळी मुंबई-पुण्याकडे गेली आणि मोठ्या घरात एकटी आई राहिली, हे चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. पूर्वी विहिरीवर पाणी भरताना बायकांची भेट होई. नळ घरात आला, कष्ट वाचले ही आनंदाचीच गोष्ट. परंतु रोजची भेटही त्याबरोबर गेली. भजनी मंडळ आहे, पण ते आठवड्यातून एखादे वेळी. ‘खंय होतंस गो?’ असे दररोज विचारणारे कोणी या मातांना हवे आहे.

आपण काय करू शकतो

रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती अशी की, गावी राहणाऱ्या आई-वडिलांच्या दोन सोबत्यांचे दूरध्वनी क्रमांक आपल्याजवळ ठेवावेत आणि तपासणीच्या वेळी केसपेपरवरही नोंदवावेत. सोबत्यांपैकी कोणी ‘हल्ली ते गप्प असतात’ असे कळविले, तर ते मनावर घ्यावे. रुग्णालयातून घरी नेल्यावर विश्रांतीच्या नावाखाली त्यांना महिनोन्‌महिने अडकवून ठेवू नये. डॉक्टरांना विचारून शक्य तितक्या लवकर बैठकीस जाऊ द्यावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट करण्याचा निर्णय २०२४ साली झाला आहे. त्याचे कार्ड आजारपण येण्याची वाट न पाहता काढून ठेवावे.

देणगीदार व विश्वस्त यांच्यापुढे मांडावयाचा मुद्दा खर्चाचा आहे. यंत्रसामग्रीसाठी लाखो रुपये लागतात आणि ते लागणारच. त्या तुलनेने श्रवणयंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, पाठ टेकता येईल असा सावलीतला बाक आणि जवळ एक स्वच्छ स्वच्छतागृह यांचा खर्च अल्प आहे. प्रोस्टेटच्या त्रासामुळे ज्यांना वारंवार उठावे लागते, असे अनेक गृहस्थ केवळ या शेवटच्या सोयीअभावी घरी बसतात, पण संकोचापोटी तसे सांगत नाहीत. स्त्रियांसाठी दुपारच्या वेळी एखाद्या शाळेची ओसरी किंवा देवळाचा मंडप नियमाने खुला राहिला, तर त्यांचीही बैठक भरू लागेल.

माणूस रुग्णालयात दाखल झाल्यानंतर त्याची शुश्रूषा करण्यासाठी डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी आहेत. तो दोन दिवस दिसला नाही, हे ध्यानी घेण्याचे काम मात्र कोणत्याही रुग्णालयाला करता येत नाही. ते गावाने करावयाचे आहे. जी मंडळी हसतखेळत, कोणतेही मानधन न घेता ते करीत आली आहेत, त्यांचे आभार आपल्या सर्वांच्या वतीने या अहवालात नोंदविणे उचित होईल.