सार्वजनिक आरोग्यधोरण आणि संशोधनाचे अर्थसाहाय्य : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्याचे धोरण पुराव्यावर आधारलेले असावे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. पुरावा मात्र आपोआप निर्माण होत नाही. तो गोळा करण्यासाठी माणसे, वेळ आणि पैसा लागतो. म्हणून कोणत्या प्रश्नावर धोरण ठरेल, हे बऱ्याच अंशी कोणत्या प्रश्नाच्या अभ्यासाला निधी मिळाला यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या निधीच्या प्रचलित प्रतिमानांचा विचार रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

एकाच तालुक्यातील दोन प्रश्न

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. या मार्गावर 2016 साली अपघातांत 151 जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र उद्योगसमूह यांनी मिळून ‘शून्य मृत्यू मार्ग’ हा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन कारणमीमांसा करणे, कठड्यांतील व वळणांतील दोष दुरुस्त करणे आणि जखमींना लवकर रुग्णालयात पोहोचविणे असे त्याचे स्वरूप होते. मृत्यूंची संख्या पुढे लक्षणीय घटली आणि हीच पद्धत देशातील इतर मार्गांवरही नेण्यात आली. येथे उद्योगसमूहाचा पैसा संशोधनाला मिळाला आणि त्या संशोधनातून धोरण घडले.

याच तालुक्यात, याच मार्गापासून फार दूर नसलेली, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. मदतपथकांना चढण पायी चढून जावे लागले. अशा ठाकूर व कातकरी वाड्या दोन्ही तालुक्यांत विखुरलेल्या आहेत. तेथील बालकांचे कुपोषण, गर्भवतींचा रक्तक्षय, सर्पदंश हे प्रश्न नवे नाहीत. परंतु रस्त्यावरील मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात होतेच. वाडीत दोन दिवसांचे मूल दगावले तर त्याची नोंद कोठेच न होण्याची शक्यता असते. मोजलेल्या मृत्यूसाठी निधी मागता येतो, न मोजलेल्यासाठी मागणे अवघड जाते. मोजण्यासाठी आधी निधी हवा, हा या प्रश्नातील खरा पेच होय.

दीर्घ मुदतीचा निधी : गडचिरोलीचा दाखला

हा पेच सुटल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1993 पासून 39 गावांत, तुलनेसाठी आणखी 47 गावे घेऊन, नवजात बालकांचा अभ्यास केला. पहिली दोन वर्षे केवळ जन्ममृत्यूंची अचूक नोंद करण्यात गेली. त्यानंतर गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजातांची काळजी घेण्यास प्रारंभ केला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत गृहाधारित नवजात बालसेवेची मार्गदर्शक तत्त्वे 2011 साली काढली.

म्हणजे पहिल्या नोंदीपासून राष्ट्रीय धोरणापर्यंत अठरा वर्षे लागली. फोर्ड आणि मॅकआर्थर या प्रतिष्ठानांनी या कामाला साहाय्य केले. ज्या दोन वर्षांत दाखविण्यासारखे काहीही नसते, त्या वर्षांसाठीही दात्याने पैसा दिला पाहिजे, हे येथील मर्म आहे. दरवर्षी ‘लाभार्थीसंख्या’ विचारणारा निधी या कसोटीला उतरत नाही.

रायगड जिल्ह्याचा स्वतःचाही इतिहास आहे. डॉ. नोशीर अंतिया यांनी 1970 च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला. प्रयोग तेथे कायम टिकला नाही. तथापि आरोग्यसेवा लोकांच्या हाती देण्याचा त्यातील विचार भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या अभ्यासगटाच्या 1981 च्या ‘सर्वांसाठी आरोग्य’ या अहवालातही आढळतो. डॉ. अंतिया त्या गटाचे सदस्य होते. त्याच जिल्ह्यातील महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिन उपचाराचे संशोधन बव्हंशी स्वतःच्या बळावर केले. असे संशोधन वंदनीय असले, तरी व्यक्तीच्या त्यागावर उभ्या असलेल्या कामाला प्रतिमान म्हणणे धाडसाचे ठरेल.

आजचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

विदेशी निधीचा मार्ग आता अरुंद झाला आहे. विदेशी अंशदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेने निधी मिळवून तो वाड्यांत काम करणाऱ्या लहान संस्थांत वाटावा, ही पद्धत त्यामुळे बंद पडली.

2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते. खोपोली-रसायनी पट्ट्यातील कारखानदारी पाहता या परिसराला हा मार्ग सर्वांत जवळचा. मात्र फिरता दवाखाना किंवा पोषण आहाराचे वाटप छायाचित्रात दिसते. जन्ममृत्यूची नोंदवही दिसत नाही. द्रुतगती मार्गावरील प्रकल्पाने नोंदींसाठीही उद्योगाचा पैसा मिळू शकतो हे दाखविले, एवढाच दिलासा.

शासकीय अनुदानाची अडचण वेगळी आहे व तिची चर्चा क्वचितच होते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अन्नाची चणचण आणि आजार यांचा जोर पावसाळ्यात असतो. त्याच काळात खांडस परिसरासारख्या भागांतील वाड्यांचे रस्ते निसरडे होतात. आर्थिक वर्ष मात्र एप्रिलला सुरू होते. मंजुरी, नेमणुका व पहिला हप्ता यांत पावसाळा निघून जातो, आणि सर्वेक्षण हिवाळ्यात, सोयीच्या हवामानात होते. त्या वेळी वाडीत उरतात ती स्थलांतर न केलेली, म्हणजे तुलनेने बऱ्या स्थितीतील कुटुंबे. त्यांच्या मुलांची वजने घेऊन काढलेली कुपोषणाची टक्केवारी खरी असूनही दिशाभूल करते, आणि पुढील वर्षीची तरतूद त्याच टक्केवारीवर ठरते.

कर्जत-खोपोलीतील महाविद्यालयांचे अनेक विद्यार्थी याच वाड्यापाड्यांतून येतात. जून ते ऑक्टोबर या काळातील कुटुंबनिहाय नोंद आणि भट्टीवर गेलेल्यांचा ठावठिकाणा ठेवणे त्यांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी लागणारी रक्कमही एखाद्या लघुसंशोधन प्रकल्पाएवढीच असेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासाला नीतिसमितीची मान्यता लागते. ती समिती स्वतःजवळ नसल्यास जवळच्या वैद्यकीय संस्थेशी करार करता येतो. अनुदान देणाऱ्याने मात्र पहिला हप्ता मे अखेरीस हातात पडेल अशी व्यवस्था करावयास हवी, आणि उपयोगिता प्रमाणपत्र मार्चमध्ये मागू नये. त्या महिन्यात ज्यांची नोंद घ्यायची ती कुटुंबे भट्टीवर असतात.