फुकट मिळालेली पीडीएफ पुढे पाठवता येते का? 'मुक्त शैक्षणिक साहित्य' म्हणजे नेमकं काय?

परीक्षा जवळ आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफचा पाऊस सुरू होतो. कुणी नोट्स टाकतं, कुणी अख्खं गाइड स्कॅन करून पाठवतं, तर कुणी दुसऱ्या शिक्षकाने बनवलेल्या वर्कशीटवर आपल्या क्लासचा लोगो चिकटवतं. 'फुकट आहे, घ्या आणि फॉरवर्ड करा' असा सगळा मामला. पण एखादी गोष्ट फुकट मिळणं आणि ती हवी तशी वापरायची मोकळीक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साधं उदाहरण बालभारतीचं. पुस्तकांच्या पीडीएफ वेबसाइटवरून कुणालाही मोफत डाउनलोड करता येतात. पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक सूचना असते: सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे वाचायला मोफत, पण बदल करून नवीन काही बनवायला मुक्त नाही.

मग मुक्त साहित्य कशाला म्हणायचं?

अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर खुलं करणार असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक साहित्य' ही संज्ञा पुढे आली. इंग्रजीत त्याला थोडक्यात 'ओईआर' म्हणतात.

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी त्याची ओळख पाच मोकळिकींतून सांगितली आहे: साहित्याची प्रत स्वतःकडे ठेवणं, ती वापरणं, त्यात बदल करणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढे वाटणं. या पाचही गोष्टींची परवानगी आधीच दिलेली असेल, तर ते साहित्य खऱ्या अर्थाने मुक्त.

परवानगी कशी ओळखायची?

भारतात कॉपीराइटसाठी नोंदणीची सक्ती नाही. लेखन किंवा चित्र तयार झालं की हक्क आपोआप त्याच्या निर्मात्याकडे जातो. 'कॉपीराइट' असं कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून ते सगळ्यांचं, असं होत नाही. परवानगी स्पष्ट द्यावी लागते. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जातात ते 'क्रिएटिव्ह कॉमन्स' म्हणजे 'सीसी' परवाने. ते चार खुणांच्या जोडणीतून बनतात:

- बाय: वापरा, पण मूळ निर्मात्याचं नाव द्या.
- एसए: बदल करून प्रसिद्ध केलंत, तर तुमची आवृत्तीही याच परवान्याखाली खुली ठेवा.
- एनसी: धंद्यासाठी वापरू नका.
- एनडी: बदललेली आवृत्ती वाटू नका.

यातली 'एनडी' खूण दिसली, तर ते साहित्य जसंच्या तसं वाटता येतं, पण भाषांतर करून वाटता येत नाही. म्हणूनच ते ओईआरच्या व्याख्येत बसत नाही.

वर्गासाठी झेरॉक्स काढणंही गुन्हा आहे का?

नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी काही सवलती आहेत. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या निवडक भागांचे संच करून विकले जात होते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच सवलतींच्या आधारे विद्यापीठाची बाजू घेतली आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

पण तिथे प्रश्न होता वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा. हजारो अनोळखी लोकांच्या टेलिग्राम चॅनेलवर अख्खं पुस्तक टाकणाऱ्याला या निकालाची ढाल मिळेल, असं समजू नये.

याशिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं. त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून कॉपीराइटमुक्त आहे.

मराठीत याचा फायदा काय?

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाकडे बघा. संगणक शिकवणारे छोटे व्हिडिओ आधी इंग्रजीत बनतात आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब होतात. हे साहित्य 'सीसी बाय-एसए' परवान्याखाली असल्याने दुसरं कुणीही, वेगळी परवानगी न मागता, त्यावर पुढचं काम करू शकतं.

आता जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेने बनवलेली गणिताची सुंदर वर्कशीट घ्या. मेळघाटातल्या शिक्षकाला ती कोरकूत किंवा गडचिरोलीतल्या शिक्षकाला गोंडीत करायची आहे. फॉरवर्ड होत होत तिच्यावरचं नाव केव्हाच गळून पडलंय. परवानगी मागायची कुणाकडे? नाव आणि परवाना यांची एक ओळ असती, तर हे काम त्याच दिवशी सुरू झालं असतं. शिवाय ज्या बाईंनी रात्री जागून ती बनवली, त्यांना श्रेयही मिळालं असतं.

तुम्ही काय करू शकता?

- स्वतःचं साहित्य खुलं करायचं असेल, तर प्रत्येक पानाच्या तळाशी नाव, वर्ष आणि परवाना लिहा. उदाहरणार्थ, 'सीसी बाय-एसए ४.०'.
- त्याआधी नीट विचार करा. एकदा दिलेला सीसी परवाना ज्यांनी साहित्य घेतलं आहे त्यांच्याकडून परत घेता येत नाही. इतरांची चित्रं वापरली असतील, तर ती तुम्हाला खुली करता येणार नाहीत.
- दुसऱ्याचं साहित्य वापरताना शीर्षक, निर्माता, मूळ लिंक आणि परवाना या चार गोष्टी द्या.
- यूट्यूबवर शोधताना फिल्टरमधला 'क्रिएटिव्ह कॉमन्स' पर्याय निवडा. व्हिडिओ अपलोड करतानाही हा परवाना निवडता येतो.
- मोफत पुस्तक सुचवायचं असेल, तर फाइलऐवजी अधिकृत वेबसाइटची लिंक पाठवा. समोरच्याला सुधारित आवृत्ती मिळते आणि हक्काचा प्रश्नही येत नाही.