डोक्याला मार लागल्यावर रक्तदाबाचा हिशेब

आमच्या वस्तीतील एका उपासकाचा मुलगा मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हते. अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही चार-पाच सभासद आळीपाळीने रात्री बसत होतो. तिसऱ्या दिवशी मुलाच्या मामांचा आवाज चढला. डॉक्टरांनी रक्तदाब वाढविण्याचे औषध सुरू केले होते. "मेंदूला मार, आणि वर प्रेशर वाढवता?" हा त्यांचा सवाल. शंका अडाणीपणाची नव्हती, आमच्याही मनात तीच होती. तेथील तरुण डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे आकडे मांडून दाखविले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला ते चटकन पटले, कारण हिशेब साध्या वजाबाकीचा आहे.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. तीत मेंदू, रक्त व मेंदूभोवतीचे पाणी एवढेच मावते. मार लागून मेंदू सुजला तर पेटी ताणली जात नाही, आतला दाब वाढतो. निरोगी प्रौढ माणूस आडवा असताना हा दाब ५ ते १५ असतो (पाऱ्याचे मिलिमीटर). रक्ताला या दाबाविरुद्ध आत शिरावे लागते. म्हणून सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करावा, उरेल त्या जोरावर मेंदूला रक्त मिळते. वरच्या आकड्यात खालच्याची दुप्पट मिळवून तिनाने भागले की साधारण सरासरी येते. १२०/८० ची सरासरी ९३, कवटीतला दाब १० धरला तर शिल्लक ८३. पण सूज येऊन तो २५ झाला आणि रक्तदाब ९०/६० वर घसरला, तर सरासरी ७० आणि शिल्लक अवघी ४५. गंभीर दुखापतीत ही शिल्लक ६० ते ७० राखण्याचा प्रयत्न असतो. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरचा दाब ९० खाली गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले होते.

मग दाब खूप वाढवून का ठेवू नये? निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या दाबाप्रमाणे आपोआप आकसतात किंवा सैल होतात. जखमी मेंदूत ही सोय बिघडते, जादा दाबाने सूज वाढू शकते. औषधांनी व सलाइनने शिल्लक ७० च्या पुढे रेटली तर फुफ्फुसांना धोका असतो.

दाब कमी असेल तर आधी कुठे रक्तस्राव चालू आहे का हे पाहतात, सलाइन वा रक्त देतात. तेवढ्याने भागले नाही तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे औषध पंपातून मोजून सोडतात. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. सूज उतरविण्यासाठी मॅनिटॉल देतात, पण त्याने लघवी फार होऊन रक्तदाब पडू शकतो. काही वेळा त्याऐवजी तीव्र मिठाचे सलाइन वापरतात. झोपेची औषधेही दाब खाली आणतात. एक औषध दुसऱ्याचे काम बिघडवते, म्हणून परिचारिका तासातासाला आकडे लिहीत असते. आपण मात्र तिलाच दहादा विचारतो, "सिस्टर, आता किती?"

दाब एकदम वाढला तर? वेदना, ताप, श्वासनळीत साचलेला कफ ही कारणे आधी शोधतात. दाब वाढला व नाडी मात्र मंद झाली, तर कवटीत कोंडी झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी नुसता आकडा खाली आणणे म्हणजे मेंदूचे उरलेसुरले रक्तही तोडणे. काही रुग्णांना पुढे कित्येक दिवस मधूनच घाम फुटतो, नाडी धावते, दाब चढतो. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे देतात. ती घरी गेल्यावर आपल्या मनाने एकदम बंद करावयाची नसतात.

नातेवाइकांकडे एक काम मात्र नक्की असते. रुग्ण आधीपासून रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, तर ते पहिल्याच तासात सांगावे, पाकीट असल्यास दाखवावे. मुलाच्या आजोबांना वेगळ्याच कारणाने त्याच दवाखान्यात आणले, तेव्हा गोळ्यांची पाकिटे घरीच राहिली होती आणि नाव कोणालाच येत नव्हते. लाल रंगाची, एवढेच आजी सांगत होत्या. तेव्हापासून संस्थेच्या सभासद-पुस्तिकेत शेवटच्या पानावर प्रत्येकाच्या औषधांसाठी आम्ही चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.