पाऊल मोजणारी मोटर व तिची जोडणी

सीएनसी या तीन अक्षरांनीं ओळखलें जाणारें यंत्र आतां मोठ्या कारखान्यांपुरतें राहिलेलें नाहीं. लाकडावर नक्षी कोरणारे, नांवांच्या पाट्या कापणारे कारागीर तें आपल्या लहानशा दुकानांत मांडूं लागले आहेत, आणि आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरींही तें येऊन पोंचलें आहे. पालक आम्हांस विचारतात कीं, 'क्लोज्ड लूप स्टेपर' जातीची महाग मोटर बसविली म्हणजे काम बिघडण्याचें भय उरत नाहीं ना? याचें उत्तर मोटरीच्या किंमतीपेक्षां तारांच्या जोडणीवर अधिक अवलंबून आहे.

साधी स्टेपर मोटर आज्ञाधारक खरी, परंतु आंधळी. तिचा एक फेरा बहुधा २०० पावलांत विभागलेला असतो. म्हणजे एका पावलास १.८ अंश. कंट्रोलर विजेचे जितके ठोके धाडील, त्या हिशेबानें मोटर फिरली, असें गृहीत धरलें जातें. पातें लाकडाच्या गांठींत अडकलें, अगर वेग एकदम वाढविला, तर ती कांहीं पावलें चुकते आणि कंट्रोलरला त्याचा पत्ताही नसतो. डोळे मिटून पावलें मोजीत घरीं निघालेल्या माणसास वाटेंत कोणीं ढकललें, तर मोजणी पुरी होऊनही तो शेजाऱ्याच्या दारांत उभा राहील. तसाच हा प्रकार. त्या क्षणापासून पुढचें सर्व काम सरकलेल्या जागीं होत जातें.

क्लोज्ड लूप मोटरीच्या दांड्याच्या मागील टोकास एन्कोडर नांवाचें उपकरण असतें. त्याच्या एका फेऱ्यांत पुष्कळदां १००० रेघा असून, दोन वाहिन्यांवरील चढउतार मोजल्यानें ४००० खुणा मिळतात. एका फेऱ्यास ५ मिलिमीटर सरकविणारा स्क्रू असेल, तर एक खूण म्हणजे मिलिमीटरचा आठशेंवा भाग होय! ड्रायव्हर हुकुमाचा आंकडा व एन्कोडरचा आंकडा सतत ताडून पाहतो. अंतर पडूं लागलें कीं मोटरीस जागेवर ओढून आणतो, आणि तें मर्यादेबाहेर गेलें तर मोटर थांबवून अलार्म देतो. ही कल्पना नवी नव्हे. १९५२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. येथें आंकड्यांच्या हुकुमानें चालणारें मिलिंग यंत्र दाखविण्यांत आलें, तें ज्या प्रयोगशाळेंत तयार झालें तिचें नांवच सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळा असें होतें.

आतां जोडणी. ती करतांना वीज पूर्ण बंद असावी, आणि वीज चालू असतां मोटरीचा वा एन्कोडरचा प्लग कधींही ओढूं नये. मोटरीच्या दोन वेटोळ्यांच्या चार तारा ड्रायव्हरच्या ए व बी या टोकांस जातात. साध्या मोटरींत एका वेटोळ्याच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते, इतकेंच. येथें मात्र मोटर एकीकडे वळते आणि एन्कोडर दुसरीकडे वळल्याचें सांगतो. ड्रायव्हर चूक सुधारूं जातो तों ती वाढते, आणि मोटर एक हिसका देऊन अलार्ममध्यें जाते. दिशा बदलणें असेल तर ती कंट्रोलरमध्यें अगर ड्रायव्हरवरील स्विचनें बदलावी, तारांना हात लावूं नये. ठोक्यांचीं व दिशेचीं टोकें ५ व्होल्टचीं कीं २४ व्होल्टचीं, हेंही आधीं वाचून घ्यावें. ५ व्होल्टच्या टोकावर २४ व्होल्ट सरळ दिल्यास आंतील नाजूक भाग जळतो. एन्कोडरची केबल जाळीच्या आवरणाची असावी आणि स्पिंडलच्या केबलपासून दूर न्यावी.

ज्या तारेसाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला ती याहून वेगळी आहे. 'लूप' जुळतें तें केवळ मोटर व ड्रायव्हर यांच्यामध्यें. कंट्रोलर त्याच्या बाहेरच राहतो. ड्रायव्हरवरील एएलएम हीं दोन टोकें कंट्रोलरला जोडलीं नाहींत, तर अलार्म झाल्याचें त्यास कळावें कसें? आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या यंत्रावर सागवानी फळी कोरली जात असतां एका अक्षाची मोटर अलार्म देऊन थांबली. ड्रायव्हरवरचा तांबडा दिवा लुकलुकत राहिला. उरलेल्या मोटरी मात्र चालतच राहिल्या, आणि नक्षीवरून सरळ चर पडत गेला. मोटरी उत्तम होत्या. जोडणाऱ्यानें हातभर तार तेवढी वांचविली होती.

सर्व ठीक असतां मंडल जुळलेलें राहील व अलार्म होतांच तुटेल, अशी निवड ड्रायव्हरमध्यें असल्यास तीच करावी; मग उंदरानें तार कुरतडली तरी यंत्र थांबतें. जोडणीची परीक्षाही घ्यावी. वीज बंद करून एका मोटरीच्या एन्कोडरची केबल काढावी, पातें उतरवावें, सरकता भाग मध्यावर आणावा; मग वीज देऊन, आणीबाणीच्या बटनावर हात ठेवून, त्या अक्षास किंचित् हालण्याचा हुकूम द्यावा. ड्रायव्हरनें अलार्म दिला व कंट्रोलरनें सर्व कांहीं थांबविलें, तर जोडणी खरी. अलार्मनंतर यंत्राची मूळ जागा पुनः शोधून घेतल्याखेरीज काम पुढें चालवूं नये.

उरलेली मांडणी साध्या त्रैराशिकाची आहे. एका फेऱ्यास १६०० ठोके ठरविले आणि स्क्रू ५ मिलिमीटरचा असला, तर मिलिमीटरास ३२० ठोके. १०० मिलिमीटरांचा हुकूम देऊन पट्टीनें मोजावें.

पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बोट मध्यें आलें तर ही मोटर दयेनें थांबत नाहीं. अडथळा आला असें समजून मर्यादा संपेपर्यंत ती उलट अधिक जोर करते. यास्तव वीज तोडणारें आणीबाणीचें बटन निराळें व हाताशीं असावें. अलार्मची तार त्याची जागा घेऊं शकत नाहीं.

शिवाय एन्कोडरची नजर मोटरीच्या दांड्यापुरतीच आहे. दांडा व स्क्रू यांना जोडणारें कपलिंग ढिलें होऊन घसरलें, तर मोटरीचा हिशेब चोख राहूनही पातें भलत्या जागीं जातें, आणि अलार्म होत नाहीं. म्हणून कपलिंग व दांडा यांवरून शाईची एकच सरळ रेघ ओढून ठेवावी. ती तुटलेली दिसली कीं पाना घ्यावा.