खाणीत भरणारी पाषाण शाळा
पुण्याच्या इमारतींना लागणारी खडी बरीचशी वाघोली परिसरातल्या दगडखाणींतून आली. ती फोडणाऱ्यांत वडार समाजाची आणि बाहेरून पोटासाठी आलेली कुटुंबं पुष्कळ. काम संपलं की बिऱ्हाड हलतं, आणि मुलांची शाळा तिथंच सुटते. बस्तू आणि पल्लवी रेगे यांनी १९९७ मध्ये ‘संतुलन’ संस्था सुरू केली आणि शाळाच खाणीत नेली. लहानमोठी मुलं एकत्र, पाटी-पुस्तकावर क्रशरची पांढरी भुकटी, बाहेर डंपरची ये-जा. शिक्षण हक्क कायदा झाला तो २००९ मध्ये, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी! शहराच्या वारशात वाड्यांइतकीच या शाळांचीही नोंद झाली पाहिजे.